आकडा वाढला, लांबी नाही

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मापांचे प्रश्न इतके निघाले की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा त्यांनाच देते आहे. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. इथे इंदूरमध्ये आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडच्या मुलामुलींना नकाशे काढायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. दशांशचिन्ह एक घर चुकलं की भिंत कुठल्या कुठे जाते, हे मी कागदावर रोज पाहिलं आहे. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली हे तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. पण चाचणीत ३.५ किलोमीटरचे मीटर करताना तिने ०.००३५ लिहिले. केव्हा गुणायचं आणि केव्हा भागायचं हे तिला कळत नाही, आणि मलाही नीट समजावता येत नाही. शिवाय डेका आणि हेक्टो कुणी वापरत नाही, मग ते पाठ कशाला करायचे? (एक आई, सुदामानगर)

उत्तर : ताई, मुलीचं पाठांतर उत्तम आहे. तिने दशांशचिन्ह बरोब्बर तीन घरं सरकवलं, फक्त उलट्या बाजूला. म्हणजे बरंचसं काम झालेलं आहे. राहिली आहे ती दिशा, आणि दिशा पाठांतराने येत नाही.

तिला रागावू नका. तिला विचारा, ०.००३५ मीटर म्हणजे केवढं गं? मीटरचे हजार भाग केले तर त्यातले साडेतीन, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. ज्वारीचा दाणा साधारण तेवढा असतो. आणि साडेतीन किलोमीटर म्हणजे राजवाड्यापासून बडा गणपतीपर्यंत चालत जाऊन परत यायचं, जवळपास तेवढं. मुलीला ज्वारीचा दाणा हातात द्या आणि एकदा तो रस्ता तिच्याबरोबर चालून या. उत्तर कुठे बिघडलं ते तीच सांगेल.

गुणायचं की भागायचं हा प्रश्न मी वर्गात पहिला विचारूच देत नसे. पहिला प्रश्न हा, की नवं एकक जुन्यापेक्षा लहान आहे की मोठं? लहान असेल तर तीच लांबी भरायला ते जास्त वेळा लागणार, म्हणून आकडा मोठा व्हायला हवा. मोठं असेल तर आकडा लहान. पाचशेची नोट सुटी करून आणली की हातातल्या नोटा वाढतात, पैसे तेवढेच राहतात. इथेही तसंच. किलोमीटरचे मीटर केले म्हणजे आपण सुटे केले, तेव्हा आकडा वाढणार: ३५००. एकदा 'वाढणार' की 'घटणार' हे ठरलं की गुणाकार-भागाकाराचा निर्णय आपोआप होतो. उत्तर लिहून झाल्यावरही हाच प्रश्न पुन्हा विचारायचा.

घरी करायला एक काम देते. दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. मुलीला वहीत एकाखाली एक लिहायला सांगा: २७ मिलिमीटर, २.७ सेंटीमीटर, ०.२७ डेसीमीटर, ०.०२७ मीटर. चारही ओळींत २ आणि ७ हेच अंक आहेत, त्याच क्रमाने. नाणं टेबलावर आहे तेवढंच आहे. सरकलं ते फक्त चिन्ह. मग झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या, त्याची लांब बाजू २९७ मिलिमीटर. मग दाराची उंची, मग स्वतःची उंची. प्रत्येक वस्तू आधी डोळ्यांनी जोखायची, मग मोजायची, मग चार ओळी लिहायच्या. पुस्तकातल्या उदाहरणांत लांबी कुठे दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. म्हणून मुलं आकड्यांशीच झटापट करत बसतात.

आता डेका आणि हेक्टो. ते गाळू नका. किलोमीटरपासून मीटरपर्यंत तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी दहाची, आणि त्यातल्या दोन पायऱ्यांची नावंच हेक्टो आणि डेका आहेत. ती गाळली की मूल किलोनंतर थेट मीटर म्हणतं आणि एकच घर सरकवतं. डेकामीटर बाजारात कुणी मागत नाही हे खरं, पण हेक्टो तर जमिनीच्या कागदावर रोज भेटतो, हेक्टरमध्ये. हवामान खात्याच्या बातमीपत्रात हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये देतात. समुद्रसपाटीला तो साधारण १०१३ असतो.

याउलट एक गोष्ट मुलीला आत्ताच सांगून ठेवा, पुढे नववीत उपयोगी पडेल. दहा-दहाच्या पायऱ्या मिलीपाशी संपतात. मिलीच्या खाली मायक्रो येतं ते एकदम हजाराने, त्याखाली नॅनो पुन्हा हजाराने. वरच्या बाजूलाही किलोनंतर मेगा हजाराने, गिगा हजाराने. फ्रान्समध्ये १७९५ साली मीटरचा कायदा झाला तेव्हा आजच्या नावांपैकी किलोपासून मिलीपर्यंतचीच नावं होती, कारण बाजारहाट आणि जमिनीची मोजणी तेवढ्यात भागत होती. नॅनो, पिको, गिगा, टेरा ही १९६० साली अधिकृत झाली, प्रयोगशाळांची गरज म्हणून.

प्रश्न : आईसाठी एका दुकानातून महेश्वरी नऊवारी घेतलं. घरी मोजलं तर ८ मीटर २० सेंटीमीटर भरलं. नऊवारी म्हणजे नऊ मीटर ना? दुकानदाराने फसवलं का? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : नाही, फसवलं नाही. वार म्हणजे मीटर नव्हे. एक वार म्हणजे तीन फूट, ०.९१४४ मीटर. नवाने गुणलं की ८.२३ मीटर होतात. तुमचं लुगडं तीन सेंटीमीटर कमी आहे. एवढा फरक मोजताना कापड ताणलं किंवा सैल सोडलं तरी पडतो. कापड जमिनीवर न ताणता पसरून पुन्हा एकदा मोजा. सहावारीचा हिशोब असाच, ५.४९ मीटर. म्हणून बाजारात साडेपाच मीटरची साडी आणि वर ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस मिळून सहा मीटर तीस सेंटीमीटर म्हणतात.

तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट मला खटकली. खाली तुम्ही हिशोब मांडलाय त्यात 'परकराचं कापड २ मीटर ५ सेंटीमीटर' घेतलंत आणि पुढे ते २.५ मीटर धरून भाव लावलात. मीटरमध्ये शंभर सेंटीमीटर आहेत, म्हणून सेंटीमीटरला दशांशचिन्हानंतर दोन घरं द्यायलाच हवीत. पाच सेंटीमीटर म्हणजे .०५. तुमचं कापड २.०५ मीटर आहे, तुम्ही ४५ सेंटीमीटरचा भाव जास्त मोजलात. हा घोटाळा बिलांवर मी पुष्कळदा पाहते, आणि दुकानदार व गिऱ्हाईक दोघंही त्यात मनापासून प्रामाणिक असतात. कापड मोजायच्या धातूच्या पट्टीवर नापतौल विभागाचा शिक्का असतो, तो पाहायची सवय ठेवा. पण पट्टी कितीही खरी असली तरी शून्य आपल्यालाच लिहायचं असतं.

प्रश्न : स्कीम नंबर ७८ मध्ये घराचं काम काढलंय. आर्किटेक्टच्या नकाशात ओट्याची लांबी नुसती '२५१५' लिहिली आहे, पुढे एकक नाही. फूट काढायला मी ३०० ने भागलं, ८.३८ आलं. सुतार म्हणतो सव्वाआठ फूट. ग्रॅनाइटवाल्याने ८.२५ म्हणजे आठ फूट अडीच इंच धरून दगड कापायची तयारी केली आहे. कोण बरोबर? (एक घरमालक)

उत्तर : आधी ग्रॅनाइटवाल्याला फोन करून थांबवा, मग हे वाचा.

नकाशात एकक लिहिलेलं नाही कारण ते खाली कोपऱ्यात एकदाच लिहिलेलं असतं: सर्व मापे मिलिमीटरमध्ये. बांधकामाच्या आणि यंत्रांच्या नकाशात मिलिमीटर मुद्दाम घेतात, म्हणजे दशांशचिन्हच लागत नाही. साइटवर सिमेंटच्या हातांनी हाताळलेल्या कागदावर चिन्ह पुसलं जाऊ शकतं, २५१५ हा आकडा पुसला तर दिसून येतो. माझ्या वर्गात कुणी नकाशावर '२.५१५ मी' लिहिलं तर मी ते खोडून २५१५ लिहायला लावत असे.

२५१५ मिलिमीटर म्हणजे २.५१५ मीटर. आता फूट. एक इंच बरोबर २५.४ मिलिमीटर, एक फूट ३०४.८. तुम्ही ३०० ने भागलंत तिथे फुटामागे जवळजवळ पाच मिलिमीटर सांडले. आठ फुटांत ते चाळीस झाले, म्हणजे दीड इंचाहून जास्त. ३०४.८ ने भागा, ८.२५ येतं. तुमचा सुतार अगदी बरोबर आहे: सव्वाआठ फूट, म्हणजे आठ फूट तीन इंच. फुटाचे दहा नाही, बारा इंच होतात. त्यामुळे ८.२५ मधल्या .२५ चे अडीच इंच होत नाहीत, बाराचा चौथा हिस्सा, तीन इंच होतात. दगड अर्धा इंच तोकडा पडला असता आणि भिंतीपाशी फट राहिली असती. मीटरच्या पद्धतीत सगळीकडे दहाच असल्यामुळे ही भानगडच उद्भवत नाही.

सुताराच्या तोंडी 'सूत' येईल तेव्हा गोंधळू नका. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत ३.१७५ मिलिमीटर. पाऊण इंची प्लाय म्हणजे सहा सूत, १९ मिलिमीटर. दुकानात मिळणारा बोर्ड बहुतेक वेळा १८ चा असतो. एक मिलिमीटर तो काय, असं वाटेल. पण कपाटात दहा उभ्या फळ्या असतील तर एक सेंटीमीटर झाला, आणि ड्रॉवर त्या एका सेंटीमीटरवरून अडतो किंवा खडखडतो. आठ बाय चारचा बोर्डही कागदावर २४४० बाय १२२० लिहितात. नेमका हिशोब केला तर २४३८.४ बाय १२१९.२ होतो. म्हणून नेहमी हातातला बोर्ड मोजून घ्यायचा.

टेपविषयी एक सांगते, कारण सुतारांच्या नव्या पोरांना मी यावरून टेप फेकून देताना पाहिलं आहे. स्टीलच्या टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो. तो सैल झालेला नसतो, त्याचे रिव्हेट मुद्दाम तसे ठेवलेले असतात. हूकच्या पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर. फळीच्या कडेला हूक अडकवून ओढलं की तो तेवढाच बाहेर येतो, भिंतीला टेकवून दाबलं की तेवढाच आत जातो. दोन्ही वेळा शून्य नेमकं जागेवर बसतं. त्याला हातोडीने ठोकून घट्ट केलंत तर एका तऱ्हेचं प्रत्येक माप एक मिलिमीटरने चुकेल.

आणि घरात एकच भाषा ठरवा. आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये, सुतार सुतात, ग्रॅनाइटवाला दशांश फुटात, हे चालणार नाही. तिघांनाही मिलिमीटरचा आकडा लिहून द्या. टेपवर तो सगळ्यांना वाचता येतो.

प्रश्न : पिशवीवर '१२० मायक्रॉन' छापलेलं असतं. हवेच्या फलकावर 'पीएम २.५' असतं. दोन्हींचा काही संबंध आहे का? आणि मायक्रॉन घरी मोजता येतो का? (एक वाचक, देवास)

उत्तर : दोन्हीकडे एकक एकच आहे. मायक्रॉन हे जुनं नाव, मायक्रोमीटर हे आजचं अधिकृत नाव. मिलिमीटरचा हजारावा भाग, मीटरचा दहा लाखावा. १२० मायक्रॉन म्हणजे ०.१२ मिलिमीटर. डिसेंबर २०२२ अखेरपासून आपल्याकडे प्लास्टिकची पिशवी निदान एवढ्या जाडीची हवी असा नियम आहे. त्याआधी सव्वा वर्ष ७५ ची चालत होती. पातळ पिशवी वाऱ्याने उडते, नाल्यात अडकते, कचऱ्यातून गोळा करणाऱ्यालाही परवडत नाही. जाड असली की लोक ती पुन्हा वापरतात आणि भंगारात तिला मोल येतं.

घरी एकच थर मोजता येणार नाही, पण थप्पी मोजता येते. पिशवीचे चपटे तुकडे एकावर एक दाबून दहा थर करा. १२० ची असेल तर थप्पी १.२ मिलिमीटर भरायला हवी, अर्ध्या मिलिमीटरवर राहिली तर पिशवी पातळ आहे. पिशवी चपटी केली की तिचे दोन थर असतात, ते मोजताना विसरू नका. हीच युक्ती आधी कागदावर करून पाहा, हात बसेल. झेरॉक्सच्या कागदाचा पाचशेचा गठ्ठा पट्टीने मोजा, साधारण ५० मिलिमीटर भरतो. पन्नासला पाचशेने भागा. एक कागद ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन. शाळेच्या साध्या पट्टीने तुम्ही मिलिमीटरचा दहावा भाग मोजलात! मुलांना हे करून दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात, आणि मायक्रो हा शब्द त्यांना पुन्हा परका वाटत नाही.

पीएम २.५ म्हणजे हवेतले असे कण ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी आहे. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला तर त्याच्या रुंदीत असे जवळजवळ अठ्ठावीस कण शेजारी-शेजारी बसतील. इतके बारीक असल्यामुळेच ते नाकात न अडकता फुप्फुसांत खोल जातात. आपल्या इंदूरचे रस्ते झाडून लख्ख असतात याचा मला मनापासून अभिमान आहे. पण डोळ्याला दिसणारी धूळ आणि अडीच मायक्रोमीटरचा कण हे वेगळे प्रश्न आहेत, म्हणून तो फलकही वाचत जा.

प्रश्न : वडिलांच्या नावच्या शेताच्या खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) रकबा, म्हणजे क्षेत्रफळ, ०.२५३ हेक्टर लिहिला आहे. हेक्टो म्हणजे शंभर, म्हणून मुलाने शंभराने गुणून २५.३ चौरस मीटर काढले. एवढंसं शेत कसं असेल? (महू तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : दादा, तुम्ही शंका घेतलीत तेच बरं केलंत. २५.३ चौरस मीटर म्हणजे पाच मीटर बाय पाच मीटरची खोली. शेत खोलीएवढं नसतं हे तुम्हाला दिसलं, मुलाला आकड्यात दिसलं नाही.

हेक्टो म्हणजे शंभर हे त्याचं बरोबर आहे, पण शंभर काय? शंभर आर. आणि एक आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन, शंभर चौरस मीटरचा. म्हणून एका हेक्टरात शंभर गुणिले शंभर, दहा हजार चौरस मीटर. तुमचं शेत २५३० चौरस मीटर आहे. एकरात साधारण ०.६२५, चौरस फुटांत सुमारे २७,२३०. बिघ्यात मी सांगत नाही, बिघा गावागणिक बदलतो. व्यवहाराच्या कागदावर हेक्टर किंवा चौरस मीटरच ठेवा.

मुलाची चूक एकट्याची नाही. लांबीतल्या पायऱ्या क्षेत्रफळात दुप्पट होतात हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. एका मीटरमध्ये १०० सेंटीमीटर, पण एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटीमीटर, कारण शंभर लांबीला आणि शंभर रुंदीला. त्याला हे जमिनीवर दाखवा. ए-फोरचे सोळा कागद घ्या आणि चार-चारच्या चार ओळींत एकमेकांना चिकटून मांडा. ही ए-झीरो कागदाची मापं झाली, आणि ए-झीरो कागद मुळात एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा असावा अशीच ठरवलेली आहे. आता एका कागदाचं क्षेत्रफळ काढायला सांगा: २१ गुणिले २९.७, म्हणजे ६२३.७ चौरस सेंटीमीटर. सोळाने गुणलं की ९९७९. दहा हजाराला एकवीस कमी. शंभर चौरस सेंटीमीटर म्हणजे दहा बाय दहाचा घडी केलेला रुमाल. तो त्या सोळा कागदांवर ठेवून बघा म्हणावं, किती वेळा बसतो. कागदाच्या पुड्यावर ८० जीएसएम लिहितात तेही याच चौरस मीटरमागे: चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणून सोळावा हिस्सा असलेला एक ए-फोर कागद पाच ग्रॅमचा.

घनफळात पायऱ्या तिप्पट. दहा सेंटीमीटर लांब, रुंद, उंच डबा म्हणजे एक डेसीमीटरचा घन, त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं. एक मीटरच्या घनात असे हजार डबे, म्हणून एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. शेतात हौद बांधाल तेव्हा हे कामाला येईल: चार मीटर लांब, तीन रुंद, दीड खोल म्हणजे १८ घनमीटर, १८ हजार लिटर.

प्रश्न : लहानपणी आम्ही इंदूरहून खांडव्याला 'छोटी लाइन'ने जायचो. तिला मीटर गेज म्हणत. इंग्रज तर फूट-इंच मोजायचे, मग इथे मीटर कुठून आला? (एक ज्येष्ठ वाचक, मल्हारगंज)

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नाने फार आनंद झाला. मोठी लाइन साडेपाच फुटांची, १६७६ मिलिमीटर, ती इंग्रजांनी आपल्या पद्धतीनेच ठरवली होती. ती महाग पडू लागली तेव्हा १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात अरुंद लाइनचा विचार झाला. त्याच वेळी हिंदुस्थानात मीटर-किलोची पद्धत आणायचं सरकारच्या मनात होतं, म्हणून रुंदी नेमकी एक मीटर धरली. मापांचा तो बेत तसाच राहिला, पद्धत प्रत्यक्ष आली ती स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या कायद्याने. पण रूळ मात्र मीटरचेच पडले आणि इंग्रज अधिकाऱ्यांना ते आपल्या कागदांवर तीन फूट सव्वातीन इंचांहून थोडं जास्त, ३ फूट ३ पूर्णांक ३/८ इंच, असं लिहावं लागलं. आपल्या खांडवा-इंदूर लाइनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. म्हणजे बाजारात गज आणि शेर चालत होते तेव्हाही इंदूरकर एका खऱ्याखुऱ्या मीटरवरून प्रवास करत होते.

ही रुंदी दोन रुळांच्या आतल्या कडांमधली असते. मोठ्या लाइनीशी फरक ६७६ मिलिमीटर, म्हणजे ६७.६ सेंटीमीटर. नातवंडांना तो मीटरमध्ये लिहायला सांगा.

प्रश्न : मी नीटची तयारी करतोय. नॅनोमीटरचे किलोमीटर करताना घातांकाची चिन्हं हमखास उलटी पडतात. आणि मिली आणि मेगा दोन्हींना एम का? (एक विद्यार्थी, भंवरकुआं)

उत्तर : बाळा, नॅनोवरून किलोवर उडी मारू नकोस. मध्ये मीटरवर थांबायचंच. समज तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर दिली आहे. नॅनो हा शब्द खोडून त्याच जागी १० चा उणे ९ वा घात लिही, बाकी काही हलवू नकोस: ६५० गुणिले १० चा उणे ९ वा घात, मीटर. ६५० चे ६.५ केलेस म्हणजे आकडा शंभरपट लहान केलास, तेव्हा घात दोनाने वाढव: उणे ७. आता मीटरवरून किलोमीटर. एकक मोठं झालं, आकडा हजारपट लहान व्हायला हवा, घातातून तीन वजा: उणे १०. उत्तर ६.५ गुणिले १० चा उणे १० वा घात, किलोमीटर. तीन ओळी झाल्या, घाईत असलास तरी तिन्ही लिहायच्या. ॲंगस्ट्रॉम या मालिकेत बसत नाही, तो ०.१ नॅनोमीटर. त्यालाही आधी मीटरमध्येच आण.

एमचं म्हणशील तर लहान एम मिली, मोठा एम मेगा, आणि दोघांत एक अब्ज पटींचा फरक आहे. किलोचा के मात्र लहानच लिहायचा, मोठा के केल्व्हिनसाठी राखलेला आहे. एककाच्या चिन्हाला अनेकवचनाचा एस लावत नाहीत, मागे टिंबही देत नाहीत. मायक्रोसाठी ग्रीक म्यू असतो. तो घाईत लहान एमसारखा दिसतो आणि उत्तर हजारपट बिघडतं, म्हणून त्याची डावी शेपटी खाली स्पष्ट काढ.